हिरव्या डब्यातला मका

चेरेपेश, ६ जून १९९३

एतेल्का वहिनी,

अकरा वर्षांनी माझं अक्षर पाहून तुम्ही पाकीट फोडाल की चुलीत घालाल, ठाऊक नाही. फोडलंत तर आधी एवढं वाचा: काल्मान गेल्याचं मला मार्चमध्ये कळलं, तेही पोस्टाच्या रांगेत, परक्या माणसाच्या तोंडून. फेब्रुवारीत पुरलंत त्याला. मला कळवायला हवं होतं असं मी म्हणत नाही. सख्खा भाऊ असून ज्यानं तोंड दाखवलं नाही, त्याला कोण तार करतं?

तुम्ही त्या दिवशी माझ्याकडे होतात, म्हणजे तुम्हाला सगळं माहीतच आहे. माझी पन्नाशी, तीस पाहुणे, आणि दोन दिवस गळाला काही लागेना. तिसऱ्या दिवशी पोस्टमास्तरीण लागली. हे नाव काल्माननंच ठेवलेलं, कारण हिला काहीही द्या, घेते आणि परत काही देत नाही. अठ्ठावन्न साली आम्ही दोघांनी सायकलींवर दुधाचे कॅन बांधून कार्प माशांची साठ बोटुकली आणली आणि विटभट्टीच्या तळ्यात सोडली, त्यांतली ती सगळ्यात थोरली. काल्मान दर उन्हाळ्यात यायचा, तिला धरायचा, दोन शब्द बोलायचा आणि सोडून द्यायचा. मी तिचा रस्सा केला. त्यानं दोन वाट्या खाल्ल्या, 'वेंडेल, आज जमलंय तुला' म्हणाला, आणि मग पातेल्यात तिचं डोकं पाहिलं. ओठाला त्याच्याच जुन्या गळाची खूण होती.

असो. आता कामाचं. भट्टी दोन वर्षांपूर्वी बंद पडली. कौन्सिलला तळ्यात राडारोडा टाकून वर गोदाम बांधायचंय. त्यांच्या मते पाण्यात बेडकांशिवाय काही उरलेलं नाही. आम्ही गळवाले सात म्हातारे म्हणतो, उरलंय. शेवटी असं ठरलं: वीस ऑगस्टला, नव्या पावाच्या सणाला, कौन्सिलचा माणूस वजनकाटा घेऊन काठावर बसणार. दिवसभरात दहा किलोंवरचे पाच कार्प त्याला दाखवले तर तळं राहील. नाही तर ट्रक येतील.

मी आयुष्यभर गांडुळावर मासे धरले, आणि गांडुळावर येतात ते बोटभर मासे. दुकानात गळाला लावायच्या परदेशी गोळ्या आल्यात, स्ट्रॉबेरीच्या वासाच्या. एका पिशवीच्या किमतीत माझा आठवड्याचा पाव येतो. काल्मान तर घरात असेल त्यावर दांडगे मासे काढायचा. तो काही लिहून ठेवायचा का हो? असेल तर मला सांगाल का? मला म्हणजे तळ्याला.

तुमचा दीर, अजून मानत असलात तर,
वेंडेल

&nbsp;

किश्रेव, १७ जून १९९३

वेंडेल भावोजी,

पाकीट फोडलं. जूनमध्ये मी चूल पेटवत नाही.

तुम्हाला कळवलं नाही ते मीच. त्याबद्दल काल्मानला दोष देऊ नका. शेवटच्या आठवड्यात त्यानं तुमचं नाव घेतलं की नाही, हे विचारू नका. मी सध्या ते सांगू शकत नाही.

अंत्ययात्रेला तिसा नदीकाठची सगळी गळवाली मंडळी आली होती. त्यांचे अध्यक्ष कबरीपाशी बोलले. म्हणाले, काल्मान आपल्या मक्याचं गुपित सोबत घेऊन गेला. सगळ्यांनी टोप्या काढल्या. मी पहिल्या रांगेत उभी होते, हातमोजे न घालता.

हो, तो लिहायचा. चौकटीच्या कागदाची वही आहे, बत्तीस वर्षांची, माशाच्या वासाची. मूळ वही मी देणार नाही, पण कामाचं तेवढं नकलून पाठवते. माझं अक्षर मोठं आहे. मी चार इयत्ता शिकले आणि मग थेट चाळिशीत पुस्तक उघडलं, वाचनालयाची फरशी पुसायला लागले तेव्हा. फरशी वाळेपर्यंत बसून काय करायचं, म्हणून वाचू लागले. अजून तिथेच पुसते, अजून वाचते.

वहीत असं आहे:

'पावाचं कवच. शिळं. वारा नसेल त्या दिवशी, पाण्यावर तरंगत सोडायचं.

बटाटा. अर्धवट उकडलेला, अक्रोडाएवढा. गार पाण्यात चालतो.

तुती. फक्त झाड पाण्यावर वाकलेलं असेल तिथे. दुसरीकडे त्यांना ती ओळखू येत नाही.

सूर्यफुलाची पेंड. तेलाच्या घाण्यावरून ढेप आणायची, तुकडा दोऱ्याला बांधायचा. सावकाश विरघळते.

मका. हिरव्या डब्यातला. रोज संध्याकाळी सहाला, त्याच जागी, चार मुठी. पंधरा दिवस गळ टाकायचा नाही, नुसतं खाऊ घालायचं. मोठे येतात ते यावरच.'

मक्याच्या ओळीखाली त्यानं दोनदा रेघ ओढली आहे.

काही अडलं तर विचारा. आपण होऊन मी सांगणार नाही. मला या विषयातलं काही कळत नाही असंच सगळे धरून चालतात, आणि मला त्याची सवय झाली आहे.

एतेल्का

&nbsp;

चेरेपेश, ४ जुलै १९९३

वहिनी,

तुमची पानं मी पुठ्ठ्यावर चिकटवून भिंतीला लावलीत, देवाच्या तसबिरीशेजारी. देवानं काही म्हटलेलं नाही.

पावाचं कवच सोडलं. बदकांनी खाल्लं. बटाट्यावर तळहाताएवढं एक पिल्लू आलं, त्याला घरी पाठवलं. तुतीची झाडं कौन्सिलनं गेल्याच वर्षी तोडली, आणि तेलाच्या घाण्याच्या जागी आता रंगीत टीव्ही विकतात. म्हणजे राहिला मका.

मक्याच्या बाबतीत आमचं नशीब जोरावर निघालं. इथल्या कोंबड्यांच्या सहकारी फार्मचं दिवाळं वाजलं ना, त्यांच्या कोठारात पोतीच्या पोती पडून आहेत. दोन वर्षांचा, खडखडीत वाळलेला. चौकीदार म्हणाला, उंदरांच्या आधी न्या. फुकट!

पण माझ्याकडे हिरवा डबा नव्हता. कुंपणाला लावलेला थोडा हिरवा रंग उरला होता, त्यानं लोणच्याचा जुना डबा रंगवला. इग्नात्सनं पाहिलं आणि पोट धरून हसला. तुम्हाला आठवतो का तो, भट्टीत माझ्या पाळीला असायचा, एका कानानं बहिरा?

"अरे वेंडेल, मासा डबा बघतो की मका?"

मी म्हटलं, "माझा भाऊ बत्तीस वर्षं उगाच लिहीत नव्हता. तू बत्तीस वर्षांत सही सोडून काय लिहिलंस?"

"घटस्फोटाचा अर्ज लिहिला."

"तोही फेटाळला गेला."

तर डबा वाळतोय. उद्यापासून संध्याकाळी सहाला सुरुवात. भट्टीचा भोंगा गेला, पण सहाला माझे पाय आपोआप उठतात, तेवढा उपयोग.

खरं सांगू? तुमच्या अक्षरात का होईना, त्याची वाक्यं घरात आली. 'दुसरीकडे त्यांना ती ओळखू येत नाही.' तो अगदी असाच बोलायचा.

वेंडेल

&nbsp;

किश्रेव, १२ जुलै १९९३

भावोजी,

डब्याला रंग दिलात हे वाचून मी हसले. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा. शेजारीण खिडकीतून डोकावली.

काल्मानचा डबा हिरवा होता कारण तो रेल्वेच्या वंगणाचा होता. त्याला दुसरा मिळाला नाही, इतकंच. माशांना रंगाचं काही नसतं. डब्यात मका कुठून यायचा, हे मात्र वहीत नाही. कोणी कधी विचारलंही नाही. तुम्हीही नाही विचारलंत.

इथे सगळं ठीक. संध्याकाळी मी नदीवर जात नाही. त्याची खुर्ची नावाड्याला दिली. वाचनालयात माशांच्या शेतीवरचं एक जाड पुस्तक सापडलं, तळी, रोग, खाणं, सगळं आहे. एकाही बाईनं ते आजवर नेलेलं नाही, कार्डावर सगळी पुरुषांची नावं. रोज चार पानं वाचते. अजून बोटुकल्यांपर्यंतच पोहोचले आहे. त्यांना उकडलेलं अंडं घालतात म्हणे. तुम्ही दोघांनी काय घातलं होतं?

एतेल्का

&nbsp;

चेरेपेश, ३० जुलै १९९३

वहिनी!

आले! ते आहेत, वहिनी!

मंगळवारी संध्याकाळी पाण्याखाली ढग उठला, गाळाचा, आणि त्यातून पाठ वर आली. पाटाएवढी. इग्नात्सनं छातीवर क्रॉस काढला, आणि तो तर पक्का कम्युनिस्ट पक्षवाला होता. मग दुसरी, मग तिसरी. सहा वाजले की येतात, शाळेची घंटा झाल्यासारखे. आम्ही बोलत नाही, खोकत नाही, नुसते उभे राहतो, सात म्हातारे, आणि खाली ते दाणे ओढतात त्याचा आवाज येतो, चुरुक चुरुक.

चार मुठींनी त्यांचं काय होणार? आता सातही जणांनी डबे रंगवलेत. रोज दोन बादल्या जातात. पोती काय, संपतच नाहीत. कौन्सिलचा तो काटा घेऊन बसणारा माणूस, चष्मेवाला, परवा सहज म्हणून आला होता. त्यानं पाठ पाहिली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिली आणि सायकलवर बसून गेला. इग्नात्स म्हणाला, "गोदाम गेलं." पाच कार्प सोडाच, वीस तारखेला मी त्याला दहा दाखवतो.

डब्यात मका कुठून यायचा म्हणता? पोत्यातून, वहिनी! तुम्हीही काय. आणि बोटुकल्यांना आम्ही अंडं वगैरे काही घातलं नव्हतं. आम्हालाच अंडं रविवारी मिळायचं. पावाचा चुरा घातला आणि देवावर सोडलं.

रात्री अंथरुणात पडलं की वाटतं, हे त्याला लिहावं. मग आठवतं. म्हणून तुम्हाला लिहितो.

वीस तारखेला तुम्ही या. गाडी दुपारी साडेबाराला पोहोचते, मी स्टेशनवर असेन. रस्सा करणार नाही, शपथ. पोगाचा भाजेन, ते छोटे खारे पाव.

वेंडेल

&nbsp;

तार
किश्रेव, १० ऑगस्ट १९९३

मका टाकणं ताबडतोब थांबवा. कोरडा घालू नका. पत्र मागून. एतेल्का

&nbsp;

चेरेपेश, १३ ऑगस्ट १९९३

वहिनी,

तार मंगळवारी दुपारी मिळाली. पहिला मासा शनिवारीच वर आला होता.

आधी वाटलं म्हातारा असेल. रविवारी सहा झाले. सोमवारी आम्ही मोजणं इग्नात्सवर सोडलं, मला दिसेनासं झालं. मंगळवारपर्यंत एकतीस. पोटं टरारून फुगलेली, बोट लावलं तर दगडासारखी. जिल्ह्याहून माशांचा डॉक्टर आला, त्यानं काठावरच चाकू चालवला. आत मका. फुगलेला, एकमेकांत घट्ट बसलेला, ना वर जाईल ना खाली. तो म्हणाला, कोरडा दाणा पोटात जाऊन फुगतो. जो खाल्ला गेला नाही तो तळाशी कुजला, वर ही उष्णता, पाण्यातली हवा संपली. जे खायला आले नव्हते तेही त्यानं गेले. आणि वर मलाच विचारलं, "आजोबा, भिजवला नव्हतात?"

इग्नात्सनं पहिल्याच आठवड्यात म्हटलं होतं. "माझी आई कोंबडीलाही भिजवून घालायची रे." मी म्हटलं, "वहीत नाही." दोनदा म्हटलं मी त्याला असं.

दहा किलोंवरचे नऊ निघाले. पाच हवे होते.

भट्टीमागे खड्डा करून चुना टाकून पुरले. कौन्सिलचा चष्मेवाला आला होता. रागानं नाही, अगदी हळू विचारलं, "मग वीसला यायची गरज नाही ना आता?" मी म्हटलं नाही.

तुम्हाला त्या पुस्तकातून कळलं असणार. तुमचे उपकार. तुम्ही निदान प्रयत्न तरी केलात.

पण एक गोष्ट मला समजली आहे आणि ती तुम्हाला सांगितली पाहिजे. बत्तीस वर्षं मक्यावर मासे धरणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं, असं होईल का? बटाट्यापुढे लिहितो 'अर्धवट उकडलेला'. मक्यापुढे एक शब्द नाही. नुसता 'हिरव्या डब्यातला'. आणि खाली दोन रेघा! त्याला माहीत होतं की कधी ना कधी ही वही माझ्या हातात येणार. एका माशाचा राग त्यानं असा काढला. जिवंतपणी मी त्याच्यावर कधी चिडलो नाही, वहिनी, चूक माझी होती. आता चिडलोय. पुठ्ठा भिंतीवरून काढून खड्ड्यात टाकला, त्यांच्यावर.

दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, त्याच्या कबरीवर यायचं मनात होतं. आता येणार नाही.

वेंडेल

&nbsp;

किश्रेव, २१ ऑगस्ट १९९३

भावोजी,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. तुमच्या पत्रामुळे माझी सुटका होत होती. तुम्ही माझे उपकार मानलेत आणि दोष त्याला दिलात. तो काही परत येऊन बोलणार नाही. मी गप्प बसले असते तर कोणालाच कळलं नसतं.

काल्माननं मक्यापुढे काही लिहिलं नाही, कारण मका तो करत नव्हता. मी करत होते. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून. तो नुसता 'डबा' म्हणायचा. साडेपाचला डबा स्वयंपाकघराच्या दाराशी भरलेला असायचा आणि तो घेऊन जायचा. आत काय काय झालेलं असतं ते त्यानं पाहिलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्याच्या दृष्टीनं तो हिरव्या डब्यातला मका होता. त्यानं खरं तेच लिहिलं.

त्यानं पंचवीस पदकं आणली. ती अजून कपाटावर आहेत, धूळ मीच पुसते. लोक विचारायचे, काय घालतोस रे मक्यात? तो हसायचा. ते गुपित होतं असं त्याला स्वतःलाही वाटू लागलं होतं. त्यात वाईट काही नव्हतं. तो चांगला माणूस होता, माझ्यावर कधी हात उगारला नाही, आजारात माझे पाय दाबले. फक्त हे एक त्याच्या डोक्यात कधी आलं नाही.

मग कबरीपाशी ते अध्यक्ष म्हणाले की गुपित त्याच्याबरोबर गेलं. तेव्हापासून माझ्या मनात काहीतरी बसलं. राग नाही म्हणणार मी. मला फक्त वाटलं, कोणीतरी एकदा विचारावं. तुमचं पत्र आलं आणि मी ठरवलं, हा विचारेल. म्हणून नक्कल करताना मी काही जोडलं नाही. तुम्ही 'खडखडीत वाळलेला' लिहिलंत तेव्हा मला कळलं की तुम्ही कच्चाच टाकणार. डबा रंगवलात तेव्हा मी हसले, आणि तरीही सांगितलं नाही. तुम्हाला विचारायला लावायचं होतं. दोनदा संधी होती, दोन्ही वेळा मी कागद घडी करून पाकिटात घातला.

कच्चा मका मासे थुंकतील आणि तुम्ही वैतागून मला विचाराल, एवढंच मी धरलं होतं. मरतील हे मला माहीत नव्हतं. यावर विश्वास ठेवा असं म्हणण्याचा मला अधिकार नाही, पण ते खरं आहे. पुस्तकात ते एकशे बाराव्या पानावर होतं. मी रोज चार पानं वाचत होते. रोज आठ वाचली असती तर जुलैतच पोहोचले असते.

आणखी एक. शेवटच्या आठवड्यात त्यानं तुमचं नाव घेतलं होतं. म्हणाला, "वही वेंडेलला दे. त्याला गांडुळांपलीकडे काही येत नाही." तो हसत होता, जेवढं हसता येत होतं तेवढं. मी चार महिने वही दाबून ठेवली. तुम्हाला तार केली नाही कारण तुम्ही आला असता तर ती द्यावी लागली असती, आणि त्या वहीत माझं नाव एकदाही नाही. मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिलंय.

तेव्हा राग त्याच्यावर काढू नका. त्याच्या कबरीवर या. मी त्या दिवशी सकाळी लवकर जाऊन येईन, म्हणजे तुमची माझी गाठ पडणार नाही.

एका माशासाठी तो तुमच्याशी अकरा वर्षं बोलला नाही. माझे एकतीस आहेत.

मूळ वही वेगळ्या पार्सलनं पाठवते आहे. ती तुमचीच होती.

एतेल्का

&nbsp;

चेरेपेश, २४ ऑक्टोबर १९९३
(साधं कार्ड)

वहिनी,

वही मिळाली. तुमचं पत्र बऱ्याचदा वाचलं. माफ करावं म्हणून प्रयत्न केला, होत नाही. खोटं कशाला लिहू.

सोमवारपासून ट्रक येतायत. निम्मं तळं भरलं. इग्नात्स बघायलाही येत नाही.

एक विचारायचं होतं. मका किती वेळ शिजवायचात?

वेंडेल

&nbsp;

किश्रेव, २ नोव्हेंबर १९९३

भावोजी,

आज सकाळी सातला कबरीवर जाऊन आले. दुपारी पुन्हा त्या बाजूनं गेले तेव्हा तिथे दुसरी मेणबत्ती होती, आणि तिच्याशेजारी गांडुळाचा पत्र्याचा डबा, रिकामा, धुतलेला. कुंपणाबाहेर थांबले नाही. सांगितल्याप्रमाणे घरी आले.

तुम्ही विचारलंत. म्हणून लिहिते.

मका नव्या हंगामाचा घ्यायचा, टपोरा. किडका दाणा वेचून काढायचा. तीन पाण्यांनी धुवायचा. मग गार पाण्यात भिजत घालायचा, वर चार बोटं पाणी, एक पूर्ण दिवस आणि एक पूर्ण रात्र. उन्हाळ्यात मध्ये एकदा पाणी बदलायचं. तो दुप्पट फुगतो, म्हणून भांडं मोठं घ्यायचं. पहिल्या वर्षी मी लहान घेतलं होतं, दाणे रात्रीतून फरशीवर सांडले आणि काल्मान अंधारात त्यांवरून घसरला. तेवढंच त्याला मक्याच्या तयारीबद्दल माहीत होतं.

मग मंद आचेवर दोन तास. नव्या मक्याला थोडं कमी, जुन्याला अडीच. मीठ चिमूटभर, साखर चमचाभर, शेवटी. ढवळायचं नाही, तुटतो. झाला की नाही ते घड्याळावरून कळत नाही. एक दाणा काढायचा आणि अंगठ्याचं नख लावायचं. नख आत गेलं पाहिजे, पण दाणा फुटता कामा नये. हे बरोबर जमायला मला तीन वर्षं लागली.

लगेच काढायचा नाही. त्याच पाण्यात झाकून दोन दिवस ठेवायचा. तिसऱ्या दिवशी वर बुडबुडे येतात आणि आंबूस वास सुटतो, ताज्या पावाच्या पिठासारखा. हा वास त्यांना लांबून कळतो. तुमच्या कोरड्या दाण्यालाही ते आले, म्हणजे ते फार भुकेले होते. त्यांना कितीतरी वर्षांत कोणी काही घातलं नव्हतं.

मग डब्यात भरायचा, पाण्यासकट. साडेपाचला दाराशी.

तो विचारायचा, "झाला का?"

मी म्हणायची, "झालाय."

यापलीकडे काही नाही. आता तुम्हाला सगळं येतं.

गेल्या आठवड्यात तुमचं कार्ड आलं त्या दिवशी मी मका भिजत घातला होता. का, ते सांगता येणार नाही. हातांना सवय आहे. काल तिसरा दिवस होता, चांगला झाला होता. नदीपर्यंत घेऊन गेले. पायऱ्यांवर उभी राहिले. नावाडी काल्मानच्या खुर्चीत बसला होता, म्हणाला, "काय घेऊन आलात हो, मावशी?" मी म्हटलं, "काही नाही." परत आणला, शेजारणीच्या कोंबड्यांना घातला.

डबा धुऊन पालथा ठेवलाय.

एतेल्का